तुटेपर्यंतचे फेरे

ग्रीष्मा मगदूम बेळगावात मामेबहिणीचं लग्न उरकून आठवड्यानं कॉलेजात परतली, तेव्हा हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती आणि प्रयोगशाळेतली चारही यंत्रं गप्प होती.

गप्प बसायला त्यांना काही कारण नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती रात्रंदिवस फिरायची होती. त्या घरघरीची ग्रीष्माला इतकी सवय झाली होती, की तिकडे मंगलाष्टकं चालू असतानाही तिला वाटत होतं, आजूबाजूला काहीतरी बंद पडलंय.

"झालं सगळं," सम्मेद मालगावे म्हणाला. हजेरीपटावर मगदूमच्या पाठोपाठ मालगावे येतो, एवढ्या एका कारणानं तो चार वर्षं तिचा प्रत्येक प्रॅक्टिकलमधला जोडीदार होता, आणि आता शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातलाही. "शेवटची बारा पण तुटली. परवा डेटा पाठवला. पुण्याहून कंपनीच्या टिळेकर मॅडमचा मेसेज आलाय, छान काम म्हणून."

"बारा? आठवड्यात?"

"तू नव्हतीस ना. तू बघत बसलीस की लाजतात ती."

ती हसली. पुढं कितीतरी दिवस तिला त्या हसण्याचा राग येत राहिला.

आता काय तुटायचं होतं, ते सांगायला हवं. जुन्या छत्रीची काडी हातात घेऊन मागेपुढे वाकवून बघा. पहिल्यांदा तुटत नाही, दहाव्यांदा तुटत नाही, आणि मग केव्हातरी, आपण काहीही वेगळं केलेलं नसताना, टकदिशी तुटते. धातू थकतो. बाहेरून त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण आत एक केसाहून बारीक भेग सुरू झालेली असते आणि प्रत्येक वाकण्यागणिक ती कणभर पुढे सरकते. बसचा आस, लिफ्टची पिन, पुलाची कडी, सगळी जन्मभर थोडी थोडी वाकत असतात. शेवटचं वाकणं कुठलं, हे आजवर कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून इंजिनिअर मंडळी वर्षानुवर्षं एकच करत आली: लागेल त्याच्या तिप्पट जाड बनवायचं आणि वेळेच्या कितीतरी आधी बदलून टाकायचं. पुस्तकात त्याला सुरक्षा गुणक म्हणतात. स्वयंपाकघरात आपण त्याला 'असू दे, चार पोळ्या जास्त' म्हणतो.

मग शेषमापक आला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. धातूला टेकवलं की आतलं चुंबक हळूहळू आपली दिशा फिरवतं. त्याबरोबर धातूतले सूक्ष्म भाग गटागटानं कूस बदलतात, आणि प्रत्येक गट कूस बदलताना बारीक तडतड होते, तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखी. ताजा धातू एका तऱ्हेनं तडतडतो, थकलेला दुसऱ्या. यंत्र ते ऐकतं आणि एक आकडा दाखवतं: या वस्तूच्या आयुष्याचे शंभरातले किती हिस्से उरलेत. त्या आकड्याला लोक 'शेष' म्हणायला लागले, आणि वर्षा-दोन वर्षांत तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. रिक्षाच्या मागे शेषाची पाटी आली. बायका ऐंशीच्या खालच्या रिक्षेत बसेनात. चांगल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी झोपाळ्याच्या कड्यांचा शेष काढून आणला आणि अठरा आकडा बघून झोपाळ्यासमोर खुर्ची टाकून बसले.

अडचण एकच होती. प्रत्येक पोलादाची तडतड वेगळी, त्यामुळे यंत्राला ती आधी शिकवावी लागे. त्यासाठी त्या पोलादाचे शंभर नमुने घ्यायचे, पेन्सिलीएवढे, कमरेत बारीक. एकेक यंत्रात अडकवायचा, टोकाला वजन टांगायचं आणि फिरवायचा. एका फेऱ्यात तो एकदा इकडून वाकतो, एकदा तिकडून. तुटेपर्यंत फिरवायचं, फेरे मोजायचे, मधूनमधून शेषमापकाला तडतड ऐकवायची. शेषमापक बनवणाऱ्या कंपनीनं हे काम राज्यभरातल्या कॉलेजांना वाटून दिलं होतं. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांत ओतलं जाणारं 'के-सात' पोलाद ग्रीष्मा आणि सम्मेदच्या वाट्याला आलं. प्रकल्प पुरा झाला की दोघांनाही कंपनीत शेषवाचकाची नोकरी. मेकॅनिकलच्या पोरांना हल्ली तेवढीच नोकरी उरली होती.

तुटलेले नमुने छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेले असत. ग्रीष्माला त्यांची तुटलेली तोंडं भिंगातून बघायचा नाद होता. थकून तुटलेल्या धातूच्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा असतात. एका कडेला भेग सुरू होते आणि तिथून कमानीमागून कमानी पसरत जातात. हॉस्टेलमधल्या मुलींच्या फोनवर जिच्या तिच्या आवडत्या माणसाचा फोटो असे. ग्रीष्माच्या फोनवर एकेचाळीस नंबरच्या नमुन्याचा होता. म्हणून त्या दिवशी तिनं शेवटच्या बारांपैकी एक पिशवी उघडली, ती काही संशयानं नाही. हौसेनं.

शिंपला नव्हता. अर्ध्यापर्यंत सरळ समांतर ओरखडे, हॅकसॉच्या दातांचे. उरलेला अर्धा भाग व्हाइसच्या पकडीत धरून वाकवून मोडलेला. तिनं दुसरी पिशवी उघडली. मग उरलेल्या सगळ्या.

हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेजात पोरगं पहिल्या आठवड्यात जे शिकतं ते हेच: आधी आलेख, मग रीडिंग. आलेख कसा यायला हवा ते पुस्तकात असतं, वरच्या वर्गातल्या पोरांकडे असतं. मग यंत्रावर खरं जे आलं, त्याला 'कच्चं' म्हणायचं, आणि कच्चं जुळवून पक्कं करायचं. स्टॉपवॉचची बॅटरी गेलेली असली तरी गुरुत्वाकर्षण पुस्तकातलंच यायचं. एखादा बिंदू मुद्दाम रेषेबाहेर ठेवायचा, म्हणजे खरं वाटतं. ग्रीष्मानंही चार वर्षं हेच केलं होतं, आणि कुणी तिला खोटारडी म्हटलं असतं तर तिला नवल वाटलं असतं. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालतात, तितकंच ते. कारण त्या आलेखांवर कधी कुणी उभं राहणार नव्हतं.

सम्मेद तिला पार्किंगमध्ये सापडला.

"करवत वर्कशॉपातली घेतलीस, का घरनं आणलीस?"

त्यानं घातलेलं हेल्मेट काढलं. मग परत घातलं.

"बघितलंस व्हय."

"हेल्मेट काढ. तोंड दिसू दे."

"अगं, तीन नंबरचं बेअरिंग गेलं. मग दोन दिवस लाइट नाही. वर कंपनीनं मुदत अलीकडं आणून सोमवारीच डेटा मागितला. तुला फोन किती केले? तू तिकडं नाचायलीस."

"वरातीत ऐकू आला नाही."

"मग झालं तर. तुला ऐकू आला नाही, मी जुळवलं. तुझा पासवर्ड तूच देऊन गेलीस."

ते खरं होतं. ग्रीष्मा गाडीच्या सीटवर टेकली.

"शंभरात बारा गं," सम्मेद जरा मऊ आवाजात म्हणाला. "बाकीची खरी आहेत."

"बाकीची जड वजनाची आहेत. ती कुणीही अर्ध्या दिवसात तोडंल. ही बारा हलक्या वजनाची होती. एकेकाला आठवडा लागला असता. खरा वापर तिथंच असतोय, सम्मेद. बसचा आस, क्रेनची पिन, त्यांच्यावर रोज तेवढाच भार येतोय. आपण नेमकं तेच कापलं."

"आपण नाही. मी." तो गाडीच्या आरशात बघत म्हणाला. "माझे दुसऱ्या वर्षाला तीन विषय राहिले होते. मला ही कंपनी सोडली तर कोण घेणार आहे? दादा मेकॅनिकल होऊन पतपेढीत बसलाय. दाजी मेकॅनिकल होऊन विमा विकायलेत. घरातला एक तरी मेकॅनिकल मेकॅनिकलमध्ये राहू दे की."

तिला हसू आलं असतं एरवी. वर्गात त्या चारच मुली. पहिल्या वर्षी वर्कशॉपात तिच्या हाताला फोड आले तेव्हा "मुलींनी कॉम्प्युटर घ्यायचं असतं" म्हणून सगळे हसले होते, आणि याच सम्मेदनं मुकाट्यानं आपली कानस तिच्या हातात दिली होती, मूठ गुळगुळीत होती म्हणून. माणसाबद्दल असं काही माहीत असलं की त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

रविवारी ती घरी गेली. तिचे वडील, भूपाल मगदूम, नदीपलीकडच्या साखर कारखान्यात फिटर होते. ऊस संपला की पावसाळाभर कारखाना बंद राहतो, आणि त्या दिवसांत तो पार उघडून ठेवायचा, एकेक पिन, एकेक बेअरिंग काढून पुसून बदलायचं, ही भूपाल मगदूम यांची जन्माची रीत. यंदा कारखान्यानं शेषमापक आणला. उघडायचं फारसं काही उरलं नाही. निम्म्या फिटरना सांगितलं, हंगाम सुरू झाल्यावर या.

"काल यंत्रात तुमचं के-सात आलं तसं गव्हाणीवरच्या क्रेनच्या पिना बघितल्या," अण्णा जेवताना सांगत होते. ट्रॉलीतून ऊस उचलून गव्हाणीत, म्हणजे चरकाकडं नेणाऱ्या पन्हाळीत, टाकणारी ती क्रेन. तिच्याखाली त्यांची अर्धी नोकरी गेली होती. "के-सातच्या आहेत. शेष एकसष्ट. दरसाल बदलतो, पण यंदा म्हटलं राहू देत. आमच्या पोरीनं शिकवलंय यंत्राला, ते काय चुकतंय."

"सगळ्या कारखान्याला सांगून आलेत," आई म्हणाली. "टपरीवाला तेवढा राहिलाय."

"त्याला पण सांगितलं."

ग्रीष्माचा घास ताटातच राहिला. "अण्णा, त्या पिना बदला."

"का?"

"बदला म्हणते ना."

"अगं, का पण? एकसष्ट आहे."

मग तिनं सांगितलं. करवत, बारा नमुने, पासवर्ड. आई ताकाचं भांडं हातात धरून उभीच राहिली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावतील असं ग्रीष्माला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. टपरीवाल्याला आता काय सांगायचं, असा काहीसा विचार त्यांच्या तोंडावर आला आणि गेला, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं.

"मला वाटलं म्हणून बदललं, ते दिवस गेले आता," ते म्हणाले. "चीफ इंजिनिअर आकडा बघतो. एकसष्ट असताना पिन मागितली तर विचारतो, भूपालराव, तुम्हाला आतलं दिसतंय का? नाही दिसत. मग मी काय सांगू? पोरगी म्हणती म्हणून?"

"क्रेनखाली कोण कोण असतं?"

"माहीत आहे की तुला. मी आणि दोघं."

"हंगाम कधी?"

"दिवाळी झाली की मोळी टाकायची." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "तो आकडा तेवढा तुझ्या यंत्रातनं काढ. मग पिना मी काढतो."

सोमवारी ती देशिंगकर सरांकडे गेली. सर विभागप्रमुख, निवृत्तीला आलेले, सगळ्यांना 'बाळ' म्हणणारे. तिनं तुटलेले तुकडे त्यांच्या टेबलावर मांडले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकच तुकडा बघितला.

"बाळ, चार वर्षांमागं आपली शाखा बंद करायचं ठरलं होतं. पोरंच येत नव्हती मेकॅनिकलला. हे चाचणीचं काम आलं म्हणून वाचली. डेटा मागं घेतला तर काम जाईल."

"हो सर."

"कंपनी चाळीस कॉलेजांचा डेटा घेते. थोडं इकडंतिकडं धरूनच चालत असतील ते. आम्हीसुद्धा जुळवायचोच की."

"तुमच्या आलेखावर कोण उभं होतं का, सर?"

खिडकीबाहेर पहिल्या वर्षाची पोरं नव्या खाकी ॲप्रनमध्ये वर्कशॉपकडे चालली होती, त्यांच्याकडे सर बघत राहिले. मग त्यांनी फोनमध्ये एक नंबर शोधला.

"टिळेकर मॅडम. मी फोन केला तरी काम जाईल, तू केलास तरी जाईल. तू कर. मला बोलायला जमायचं नाही."

ग्रीष्मानं प्रयोगशाळेतूनच व्हिडिओवर फोन लावला. जाताना सम्मेदला सांगून गेली होती, "मी बोलणार आहे. तुझं नाव घेणार नाही."

टिळेकर मॅडम पुण्यात आपल्या टेबलापाशी बसून चिवडा खात होत्या. जुळवणीचं ऐकून त्यांना धक्काबिक्का काही बसला नाही.

"अगं, आम्ही धरूनच चालतो. फार गुळगुळीत आलेख आला की आमची प्रणाली त्याची पत कापते. काही कॉलेजांची अर्धी कापलेली आहे, नावं सांगत नाही. माणसानं मनानं रचलेले आकडे कळतात. माणसाला वाटतं आपण वेडेवाकडे टाकतोय, पण तो वेडंवाकडंसुद्धा एकसारखं टाकतो. थांब, तुमची किती कापलीय बघू." त्यांनी पडद्यावर काहीतरी बघितलं आणि चिवड्याचा हात थांबला. "शून्य. तुमच्या डेटावर पूर्ण विश्वास दाखवतेय. चाळीसात सगळ्यात जास्त. तू नक्की म्हणतेस ही बारा रचलेली आहेत?"

"रचलेली आहेत," मागून आवाज आला. "मी रचली."

सम्मेद दाराशी उभा होता. तिथून तो पुढे आला आणि ग्रीष्माच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसेल असा बसला.

"मग हा विस्कळीतपणा कुठून आणलास?" मॅडमनी विचारलं.

"म्हशीकडनं."

"कुणाकडून?"

"आमच्या म्हशीच्या दुधाचं रोजचं माप डेअरीच्या ॲपवर असतंय. वर्षभराचं. कधी जास्त देती, कधी कमी, कधी आटती. त्यातला चढउतार उचलला आणि रेषेवर पसरला. म्हटलं, आपल्या डोक्यातनं काढले तर पकडतील."

टिळेकर मॅडमनी चिवडा बाजूला सरकवला.

"म्हणजे राज्यात जेवढ्या म्हणून के-सातच्या पिना आहेत, त्यांचा शेष सध्या तुमची म्हैस सांगतेय."

"हलक्या भाराचाच," सम्मेद म्हणाला. "जड भाराचा खरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी के-सातच्या प्रत्येक वस्तूवर शेषमापकानं आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ दाखवली. कायद्यानं रेघ म्हणजे वापर बंद. गावोगावच्या लिफ्ट थांबल्या, सातव्या मजल्यावरच्या माणसांनी जिने चढताना यंत्राला आणि इंजिनिअरांना शिव्या घातल्या. कॉलेजचं चाचणीचं काम स्थगित झालं. दोघांच्या नोकऱ्या त्याच दुपारी रद्द झाल्या. देशिंगकर सरांनी ग्रीष्माला बोलावून एवढंच सांगितलं, की एक यंत्र त्यांनी विभागाच्या नावावर ठेवून घेतलंय. प्रकल्पातली ती बारा तिला त्यावर पहिल्यापासून फिरवावी लागतील.

कारखान्यात घरी बसवलेल्या फिटरना परत बोलावणं गेलं. के-सातचं जे जे होतं ते उघडायचं, काढायचं, बदलायचं. मोळी टाकायचा मुहूर्त पुढे गेला, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर रांगेत उभ्या राहिल्या, आणि ट्रॉलीवाले अण्णांना विचारायला लागले, "मगदूम, तुमच्याच पोरीनं थांबवलं व्हय?" अण्णा मान डोलवून पुढे जात. क्रेनच्या पिना त्यांनी स्वतः काढल्या. ते घरी आल्यावर ग्रीष्मानं फोनवर विचारलं, कशा होत्या.

"चांगल्या दिसत होत्या," अण्णा म्हणाले. "डोळ्याला तर काय दिसलं नाही."

त्या उत्तरानं तिची झोप उडाली. पिनांना भेगा असायला हव्या होत्या, असं तिला वाटत होतं. बापाच्या डोक्यावरची पिन मोडायला आलेली असावी, असं कुठली मुलगी मागते? पण ती मागत होती, दिवसा, चालताना, जेवताना. नसेल आली, तर हे सगळं कशासाठी केलं? सरांची शाखा, सम्मेदची नोकरी, रस्त्यावर वाळणारा ऊस. मग तिला स्वतःची लाज वाटे, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच वाटे.

आणि मग सम्मेदचा फोन आला.

"मला पुण्याला बोलावलंय. टिळेकर मॅडमनी."

"कशाला?"

"नोकरीला." तो अवघडून बोलत होता. "बनावट डेटा ओळखायचा गट आहे त्यांचा, माझा प्रकल्प पण तिथलाच धरतील. त्यांची प्रणाली म्हशीला फसली म्हणून त्या खूश आहेत. म्हणजे खूश नाहीत, पण तू समजून घे. म्हणाल्या, असं डोकं शोधून मिळत नाही."

"आणि मला?"

"विचारलं मी तुझं. आधी तिचा प्रकल्प पुरा होऊ दे, म्हणाल्या."

ग्रीष्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे कापलंस तू आणि नोकरी तुला. आणि मी परत पहिल्यापासून फिरवत बसायचं."

"मी जाऊ नको का?"

खरं तर नको म्हणावंसं वाटत होतं, आणि त्यामागं न्याय-अन्याय फार थोडा होता. चार वर्षं एका बाकावर बसलेला माणूस उद्या बाकावर नसणार, हे जास्त होतं. पण तसं म्हणायला ती वेळ बरी नव्हती.

"जा," ती म्हणाली. "तिथं जुळवू नकोस म्हणजे झालं."

"तिथं जुळवलेलं ओळखायचं आहे."

"तेच म्हणते."

तो गेला. ग्रीष्मानं हलक्या वजनाचा पहिला नमुना चढवला. बाराही नमुने ती एका यंत्रावर घेणार होती, तीन-चार महिने गेले तरी हरकत नव्हती, जायला आता कुठली नोकरी नव्हती. एका जागी बसवेना म्हणून ती यंत्राभोवती फिरायची. बेअरिंगला हात लावून बघायची, गरम झालं का. जेवून यायची, बघायची. आंघोळ करून यायची, बघायची. नव्या ॲप्रनमधली पोरं दारातून डोकावत आणि "मॅडम, कधी तुटणार?" विचारून पळत. तिला माहीत नव्हतं. सम्मेदनं या नमुन्यापुढं तीन कोटी फेरे असा आकडा लिहिला होता. त्याच्या आधी तुटला तर ती बरोबर होती. जितका आधी, तितकी जास्त बरोबर.

आठवड्यानं मोजणीनं तीन कोटी ओलांडले. नमुना फिरत होता. कंबर सरळ, कुठं थरथर नाही. ती बराच वेळ आकडा बघत उभी राहिली आणि मग तिनं सम्मेदला फोन लावला, कारण हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

"तुझ्या आकड्याच्या पुढं गेला."

पलीकडे ऑफिसचा आवाज होता. मग दार बंद झाल्याचा आवाज आला आणि बाकी शांत झालं.

"किती पुढं?"

"अजून फिरायलाय."

त्यानं हसायला हरकत नव्हती. तो हसला नाही. "मग मी येडा नव्हतो," एवढंच म्हणाला, आणि जरा वेळानं, "तू रडायलीस का?"

"नाही." ती रडत होती. "तुझी म्हैस बरोबर होती, सम्मेद. मी सगळं उगीच बंद पाडलं."

"एकावर काय ठरतंय गं? तुटू दे तो. मग दुसरा लाव."

पहिला नमुना साडेचार कोटींना तुटला. तोंडावर इतका सुरेख शिंपला होता, की एरवी तिनं फोनवरचा फोटो बदलला असता. तिनं तो पिशवीत टाकला आणि दुसरा चढवला. त्याच पोलादाचा, त्याच ओतातला, तेच वजन. त्या दिवशी ती पहिल्यांदा सिनेमाला गेली, इतकी तिची आशा संपली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपातून परत येताना तिला जिन्यातच कळलं की प्रयोगशाळेत आवाज नाही.

वजन खाली पडलेलं होतं. नमुन्याचे दोन तुकडे. मोजणी पंच्याहत्तर लाखांवर थांबलेली.

तिनं भिंग काढलं. शिंपला होता, एका कडेला सुरू झालेला. करवत नाही, व्हाइस नाही. खरंच थकून तुटलेला, पहिल्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा फिरून.

तिनं आधी घरी फोन लावला. अण्णा कारखान्यात होते, मागे क्रेनची शिट्टी ऐकू येत होती. नव्या पिना लावून हंगाम सुरू झाला होता. ती दोन्ही नमुन्यांचं सांगत गेली.

"म्हणजे माझ्या डोक्यावरची पिन कुठली होती?" त्यांनी शेवटी विचारलं. "पहिल्यासारखी का दुसऱ्यासारखी?"

"माहीत नाही, अण्णा. आता कळायचं पण नाही."

"हं." पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "मग बदलली ते बरं झालं," ते म्हणाले, आणि तिच्याशी बोलता बोलताच कुणाला तरी ओरडून सांगायला लागले, बाजूला हो, ट्रॉली आली.

मग तिनं सम्मेदला फोन केला.

"तुटला. पंच्याहत्तर लाख."

"दुसरा?"

"दुसरा."

तीन कोटींच्या दोन्ही बाजूंना, इतक्या लांब लांब. तो मनात मांडत असणार, तिला कळत होतं. एवढी पसरण म्हशीला कधी जमली नसती. हा आलेख यंत्रानं पाहिला तर के-सातची रेघ उठेल, पण असे आधी तुटणारे धरावे लागतील म्हणून आकडे खाली येतील. किती खाली, ते अजून दहा नमुन्यांनंतर.

"मी शनिवारी येतोय," तो म्हणाला. "बेअरिंगचं ग्रीस घेऊन येतो, तिथलं भंगार आहे. तोवर तिसरा लाव."

"तू फोन ठेवलास तर लावते," ग्रीष्मा म्हणाली, आणि खांद्यानं फोन धरून ती पाना शोधायला लागली.